जेम्स जेमरसन

जेम्स ली जेमरसन (२९ जानेवारी, इ.स. १९३६: एडिस्टो बेट, साउथ कॅरोलायना - २ ऑगस्ट, इ.स. १९८३: लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन बास गिटारवादक होते. डेट्रॉइट येथील मोटाऊन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या १९६०च्या दशकातील अनेक लोकप्रिय गाण्यांत त्यांचे वादन आहे. त्यांच्या वाद्याचा ऊबदार, गोलाई असलेला नाद पुढे बास गिटारच्या ध्वनीचा मानदंड ठरला. मात्र त्यांच्या हयातीत बहुतेक श्रोत्यांना त्यांचे नाव माहीत नव्हते.

सुरुवातीचे जीवन

जेमरसन १९५४ साली आईसमवेत डेट्रॉइटला आले. तेथील नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये ते डबल बास हे उभे धरून वाजवायचे मोठे तंतुवाद्य शिकले. लवकरच ते शहरातील क्लबांमध्ये जॅझ आणि ब्लूज वाजवू लागले.

मोटाऊनमधील कारकीर्द

१९५९च्या सुमारास जेमरसन बेरी गॉर्डी यांच्या कंपनीसाठी वाजवू लागले. एका राहत्या घरात थाटलेल्या 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' या स्टुडिओत ढोलवादक बेनी बेंजामिन, पियानोवादक अर्ल व्हॅन डाइक आदी वादकांचा जो संच जमला, तो 'फंक ब्रदर्स' या नावाने ओळखला जातो. १९६०च्या दशकाच्या आरंभी जेमरसन यांनी डबल बासऐवजी प्रामुख्याने फेंडर कंपनीची 'प्रिसिजन' ही विद्युत बास गिटार वाजवण्यास सुरुवात केली. टेम्पटेशन्सचे 'माय गर्ल' (१९६४), फोर टॉप्सचे 'बर्नाडेट' (१९६७) आणि स्टीव्ही वंडर यांचे 'आय वॉज मेड टू लव्ह हर' (१९६७) ही त्यांच्या वादनाची प्रसिद्ध उदाहरणे होत. मूळ स्वर ठरावीक ठोक्यांवर वाजवत राहण्यापुरती बासची भूमिका न ठेवता त्यांनी तिला गायकाच्या सुरावटीशी संवाद करणाऱ्या स्वतंत्र सुरावटीचे रूप दिले.

वादनपद्धती आणि नाद

जेमरसन यांच्या नादाचे श्रेय ध्वनिवर्धकाला देता येत नाही. क्लबमध्ये ते अँपेग कंपनीचा 'बी-१५' ध्वनिवर्धक वापरत; स्टुडिओत मात्र त्यांची गिटार सहसा थेट ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलला जोडली जाई. नादाची घडण ध्वनिवर्धकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच होत असे.

त्यांच्या १९६२च्या गिटारवर ला बेला कंपनीच्या जाड, सपाट वेटोळ्याच्या तारा होत्या. गोल वेटोळ्याच्या तारांपेक्षा अशा तारांचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने बोटांची घासर कमी ऐकू येते आणि नाद कमी झणझणीत असतो. तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत. वापराने तारांत घाम व मळ साचतो आणि त्यांतील उंच उपस्वर आणखी मंदावतात. घोडीवरील धातूच्या झाकणाखाली फोमचा तुकडा बसवलेला असे. तो तारांना टेकल्यामुळे स्वर लवकर विरे आणि त्याचा आरंभीचा भरीव आघात तेवढा उठून दिसे.

गिटारवरील आवाजाचे व टोनचे बटण ते पूर्ण उघडे ठेवत. त्यामुळे नादातील ऊब टोनचे बटण कमी करून आलेली नव्हती. ती तारा, फोम आणि हात यांतून येत असे. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तार छेडण्याची डबल बासवरील सवय त्यांनी कायम ठेवली. या बोटाला 'हुक' असे टोपणनाव मिळाले. त्यांच्या गिटारच्या तारा पट्टीपासून बऱ्याच उंच असल्याने ती वाजवण्यास इतरांना अवघड जाई. जुने ध्वनिवर्धक न बदलता बासचा नाद ऊबदार करू पाहणारे वादक आजही सपाट वेटोळ्याच्या तारा आणि घोडीजवळ फोम हे उपाय वापरतात. अर्थात फोममुळे दीर्घ स्वर टिकत नाहीत आणि फार जुन्या तारा सुराला नेमक्या राहत नाहीत.

उत्तरायुष्य

मोटाऊनच्या तबकड्यांवर त्या काळी साथीदार वादकांची नावे सहसा छापली जात नसत. मार्विन गे यांच्या १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर जेमरसन यांचा नामोल्लेख गौरवाने करण्यात आला. कंपनीने १९७२ साली आपला कारभार लॉस एंजेलसला हलवला आणि त्यापाठोपाठ जेमरसनही तेथे गेले. तेथे त्यांना पूर्वीसारखे स्थैर्य लाभले नाही. मद्यपानाच्या व्यसनाने त्यांची प्रकृती ढासळत गेली. मार्च १९८३मध्ये मोटाऊनच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त झालेला सोहळा त्यांनी मंचावरून नव्हे, तर प्रेक्षकांत बसून पाहिला. त्याच वर्षी, वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची १९६२ची गिटार निधनाच्या काही दिवस आधी चोरीला गेली होती.

वारसा

१९८९ साली अ‍ॅलन स्लट्स्की यांचे 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन' हे जेमरसन यांचे चरित्र व त्यांच्या वादनाचे स्वरलेखन असलेले पुस्तक प्रकाशित झाले. २००२ साली त्याच नावाचा माहितीपट आला. इ.स. २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदार वादक या वर्गात त्यांचा समावेश करण्यात आला.