फ्रेडी मर्क्युरी

मनुष्याचें काम पुष्कळदां अपुरें राहतें. तें शेवटास नेणारे सोबती लाभणें हें मोठें भाग्य होय. असें भाग्य लाभलेले जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचें मूळचें नांव फर्रोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. आठ वर्षांचे असतां आईबापांनीं त्यांस समुद्रापार, आपल्या सातारा जिल्ह्यांतील पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत ठेविलें. तेथें ते पियानो शिकले, आणि शाळासोबत्यांसह त्यांनीं ‘हेक्टिक्स’ नांवाचा वाद्यवृंद काढला. फ्रेडी हें नांवही त्यांस त्याच शाळेंत मिळालें.

१९६४ सालीं झांझिबारांत क्रांति झाली व हें कुटुंब इंग्लंडांत गेलें. १९७० सालीं ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह फ्रेडींनीं ‘क्वीन’ हा रॉक वाद्यवृंद स्थापिला. पुढील वर्षीं जॉन डीकन येऊन मिळाले. या चौघांची कीर्ति सर्व जगांत पसरली.

पुढें फ्रेडींस एड्स हा रोग जडला. तो आटोक्यांत ठेवणारें खात्रीचें औषध त्या काळीं नव्हतें. तरीही १९९१ सालीं स्वित्झर्लंडांतील माँत्रो येथें, अंगांत त्राण होतें तोंवर, ते गात राहिले. आपण आतां गावें आणि बाकीचें काम सोबत्यांनीं मागाहून पुरें करावें, असा त्यांचा बेत होता. ‘मदर लव्ह’ या गीताचें शेवटचें कडवें मात्र गावयाचें राहिलें. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. आपला रोग त्यांनीं आदल्याच दिवशीं जगास कळविला होता.

तिघां सोबत्यांनीं काम सोडिलें नाहीं. त्यांनीं फ्रेडींच्या उरलेल्या ध्वनिमुद्रणांस वाद्यांची जोड दिली, आणि ६ नोव्हेंबर १९९५ रोजीं ‘मेड इन हेवन’ हा त्या चौघांचा शेवटचा गीतसंग्रह प्रसिद्ध केला. राहिलेलें कडवें ब्रायन मे यांनीं गाइलें. त्यांनीं मित्राच्या आवाजाची नक्कल केली नाहीं. स्वतःच्याच आवाजांत गाइलें.

मुकुंदवाडीच्या आमच्या मुलामुलींनीं हें ध्यानांत ठेवावें. वर्गबंधु आजारी पडला असतां त्याची वही आपल्या अक्षरांत पुरी करून द्यावी, परंतु वहीवरील नांव त्याचेंच राहूं द्यावें. आणि त्याचा आजार कोणताही असो, पालकहो, त्याच्या घरीं जाण्यास आपल्या मुलांस मना करूं नये, इतकीच आमची विनंति आहे.