अधू पायाचा सेनानी

मुळशी तालुक्यातील कोळवणसारख्या गावाहून शाळेची सहल पुण्यास आली, तर ती शनिवारवाडा पाहून परतते. वानवडीच्या शिंदे छत्रीकडे सहसा वळत नाही. वास्तविक तेथे ज्यांची स्मृती जपली आहे, त्या महादजी शिंद्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी एका निराळ्याच कारणासाठी अभ्यासावे असे आहे. हा थोर मुत्सद्दी रणांगणावर पांगळा झालेला सैनिक होता.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतात मराठी फौज उधळली. दक्षिणी घोडीवरून निघालेल्या महादजींचा एका अफगाण स्वाराने पाठलाग केला. दमलेली घोडी खंदकात कोसळली. स्वाराने त्यांच्या उजव्या गुडघ्यावर परशूचा घाव घातला आणि अंगावरील दागिने व घोडी घेऊन तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. प्राण वाचले, पाय मात्र कायमचा अधू झाला. तो स्वार आपल्याला पुढे कित्येक दिवस स्वप्नातही दिसे, असे महादजी सांगत, ही माल्कमची नोंद आहे. मनाची जखम त्या काळीही होतीच.

घरी परतल्यावर वेगळेच युद्ध सुरू झाले. दत्ताजी आधीच बुराडी घाटावर पडले होते, जनकोजी पानिपतात गेले. तरीही औरस नसल्याचे कारण पुढे करून महादजींचा सरदारकीवरील हक्क डावलला जात होता. तो मान्य होण्यास १७६८ साल उजाडले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत त्यांनी शाह आलमला दिल्लीत परत आणले. १७८२ च्या सालबाईच्या तहात ते मध्यस्थ होते. राणेखानास त्यांनी भाऊ मानले, एवढेच नव्हे तर सेनापती केले. १७८८ मध्ये बादशहाचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादिरावर चालून गेलेल्या फौजेचे नेतृत्व या भिस्त्याकडे होते. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस महादजींचे निधन झाले.

पानिपताहून असे कितीतरी जखमी परतले असतील. त्यांना ना राणेखान भेटला, ना सरदारकी. म्हणून त्यांची नावेही उरली नाहीत. आज खडकीस लुळ्या पडलेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु समाजाचे कर्तव्य शुश्रूषेपाशी संपत नाही. जखमी सैनिकाला उचलून आणणे ही माणुसकी. त्याच्या हाती पुन्हा जबाबदारी सोपवणे हा न्याय. पहिली गोष्ट एका भिस्त्याने क्षणात केली, दुसरीला दरबाराने सात वर्षे लावली. आपण यांपैकी कोणाचे अनुकरण करणार?