शेती शिकायला अमेरिकेला! - रवींद्रनाथांची वेगळी ओळख



रवींद्रनाथ टागोर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती पांढरी दाढी, गीतांजली, नोबेल पारितोषिक आणि आपले राष्ट्रगीत. शाळेत आपण साधारण एवढेच शिकलो. पण याच कवीने १९०६ साली आपल्या मुलाला अमेरिकेत शिकायला पाठवले, आणि तेही शेती शिकायला! त्या काळी बड्या घरातली मुले विलायतेला जात ती बॅरिस्टर किंवा आय.सी.एस. होण्यासाठी. मग हा माणूस असा उलटा का वागला?

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या मुलांच्या शाळांतून सारखा कानावर पडणारा 'ग्लोबल सिटिझन' हा शब्द. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली. त्यातले चौथे उद्दिष्ट शिक्षणाचे, आणि त्यातल्या ४.७ या कलमात शाश्वत विकासाचे शिक्षण आणि जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण शेजारी शेजारी येतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असा प्रश्न पडला तर रवींद्रनाथांचे चरित्र वाचावे.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ चा, कोलकात्यातल्या जोडासांको वाड्यातला. वडील देवेंद्रनाथ ब्राह्मसमाजाचे पुढारी. घरात संगीत, नाटक, वाचन यांची रेलचेल. या मुलाला शाळा मात्र कधीच मानवली नाही. चार भिंती, बाक आणि घोकंपट्टी यांचा त्याला इतका कंटाळा आला की शाळेचे शिक्षण पूर्ण झालेच नाही.

आपल्या मुंबईशीही त्यांचे नाते आहे बरं का! थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आय.सी.एस. अधिकारी, आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात. १८७८ साली इंग्लंडला जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ काही काळ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खड यांच्या घरी राहिले होते. हे डॉक्टर प्रार्थना समाजाचे संस्थापक. त्यांची इंग्लंडला राहून आलेली मुलगी अन्नपूर्णा हिने रवींद्रनाथांना इंग्रजी संभाषण आणि रीतिरिवाज शिकवले. परदेशाची पहिली शिकवणी त्यांना अशी एका मराठी घरात मिळाली.

पण आयुष्याला खरे वळण लागले ते १८९० च्या सुमारास. वडिलांनी त्यांच्यावर शिलाईदह, शहाजादपूर आणि पतिसर इथल्या जमीनदारीचे काम सोपवले. हा सगळा भाग आज बांगलादेशात आहे. पद्मा नदीवर होडीत राहून ते गावोगाव हिंडत. शहरात वाढलेल्या या कवीने इथे पहिल्यांदा शेतकरी जवळून पाहिला. सावकाराच्या व्याजात बुडालेला, तापाने खंगलेला, आणि आपले काही भले होईल ही आशाच सोडून दिलेला. आपण जमीनदार, म्हणजे आपले घर याच माणसांच्या कष्टांवर चालते, याची बोचणी त्यांना लागून राहिली.

२२ डिसेंबर १९०१ रोजी त्यांनी बोलपूरजवळ शांतिनिकेतनला शाळा काढली. विद्यार्थी पाच, त्यात एक स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ. वर्ग झाडाखाली, पाऊस आला की सुट्टी. पैसे कमी पडले तेव्हा पत्नी मृणालिनीदेवींचे दागिने विकले गेले. पुढच्याच वर्षी मृणालिनीदेवी गेल्या. १९०३ साली मुलगी रेणुका, १९०५ साली वडील आणि १९०७ साली धाकटा मुलगा शमींद्रनाथ. पाच वर्षांत घरातली चार माणसे गेली, पण शाळा चालू राहिली.

याच काळात, १९०६ साली, रथींद्रनाथ आणि त्यांचा मित्र संतोषचंद्र मजुमदार हे दोघे इलिनॉय विद्यापीठात शेतीशास्त्र शिकायला गेले. पुढच्या वर्षी रवींद्रनाथांनी जावई नगेंद्रनाथ गांगुली यांनाही तिकडेच पाठवले. ज्या शेतकऱ्यांच्या जिवावर आपण जगतो, त्यांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी शिकून या, हा त्यामागचा हेतू. १९०९ साली पदवी घेऊन रथींद्रनाथ परतले. शिलाईदहला त्यांनी प्रयोगाचे शेत केले, अमेरिकेहून मक्याचे आणि चाऱ्याच्या पिकांचे बियाणे आणले, माती तपासण्याची छोटी प्रयोगशाळा उभारली. म्हणजे आजच्या भाषेत 'टेक्नॉलॉजी ट्रान्सफर'च की!

१९१२-१३ च्या हिवाळ्यात स्वतः रवींद्रनाथही मुलासोबत अर्बानाला येऊन राहिले. शिकागोहून गाडीने दोन-अडीच तासांवरचे हे गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेव्हा त्यांना इथे फारसे कोणी ओळखत नव्हते. नोव्हेंबर १९१३ मध्ये नोबेल मिळाले आणि चित्रच पालटले. शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी त्यांनी पतिसरला कृषी बँक काढली होती. नोबेलचे पैसे त्यांनी या बँकेत ठेवले. पुढे बँक बुडाली, पैसेही बुडाले.

१९१६ साली ते जपानला आणि पुन्हा अमेरिकेला गेले. युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. आंधळ्या राष्ट्रवादावर त्यांनी कडक टीका केली, त्यामुळे दोन्ही देशांत त्यांच्यावर टीका झाली. याच दौऱ्यात त्यांच्या मनाने घेतले की शांतिनिकेतन हे भारत आणि जग यांना जोडणारे ठिकाण झाले पाहिजे. त्यातून डिसेंबर १९२१ मध्ये विश्वभारती उभी राहिली. सारे जग जिथे एका घरट्यात येते, अशा अर्थाचे वेदातले वचन तिने ब्रीद म्हणून घेतले. पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही, प्रागचे विंटरनित्स असे पंडित तिथे शिकवायला आले. १९३७ साली चिनी भाषा आणि संस्कृतीसाठी चीन भवन सुरू झाले.

इथपर्यंतची गोष्ट थोडीफार माहीत असते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिचा दुसरा अर्धा भाग, श्रीनिकेतन.

न्यूयॉर्कमध्ये रवींद्रनाथांची गाठ लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाशी पडली. तो कॉर्नेल विद्यापीठात शेती शिकत होता. त्याला त्यांनी बोलावून घेतले आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये शांतिनिकेतनपासून तीनेक किलोमीटरवर सुरुल गावी ग्रामसुधारणेचे केंद्र सुरू झाले. खर्चाचा मोठा वाटा डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन बाईंनी उचलला. सुरुवात कशाने झाली? तर संडासाने! स्वयंपाक आपला आपण करायचा, मैलाही आपणच काढायचा आणि चर खणून त्याचे खत करायचे. भद्र घरातल्या मुलांना हे सोपे गेले नसणार. मग मलेरियाविरुद्ध मोहीम, आरोग्याच्या सहकारी संस्था, विणकाम, चामड्याचे काम, गावातल्या मुलांची 'व्रती बालक' पथके असे काम वाढत गेले. १९२४ साली गरीब मुलांसाठी हातांनी काम करत शिकण्याची 'शिक्षासत्र' ही शाळा निघाली. ती चालवायला घेतली इलिनॉयला शिकून आलेल्या संतोषचंद्रांनी.

१९२२ सालीच कोलकात्यात एल्महर्स्ट यांनी जमिनीच्या लुटीवर व्याख्यान दिले. अध्यक्ष रवींद्रनाथ. शहर गावाकडून धान्य, माणसे, पैसा सगळे घेते आणि मातीला परत काहीच देत नाही, हा त्याचा मुद्दा. 'शाश्वत विकास' हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. १९२८ साली त्यांनी झाडे लावण्याचा वृक्षारोपण उत्सव आणि शेत नांगरण्याचा हलकर्षण उत्सव सुरू केला, आणि स्वतः नांगर हाती धरला. १९२७ च्या जावाच्या दौऱ्यात पाहिलेली बाटिकची कला शांतिनिकेतनात आली, आणि त्या भागातल्या कारागिरांना रोजगाराचे एक साधन मिळाले.

सगळे यशस्वी झाले असे मात्र नाही. श्रीनिकेतनचे काम आजूबाजूच्या थोड्याच गावांपुरते राहिले. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मुलींची लग्ने लहान वयातच लावली होती. पैशांची तंगी तर कायमचीच. पंचाहत्तरी जवळ आली तरी ते नाट्यपथक घेऊन निधीसाठी हिंडत होते. १९३६ साली दिल्लीत गांधीजींनी हे पाहिले आणि ६०,००० रुपयांची सोय करून त्यांना घरी पाठवले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, दुसरे महायुद्ध चालू असताना, रवींद्रनाथ गेले. विश्वभारती १९५१ साली केंद्रीय विद्यापीठ झाली, आणि रथींद्रनाथ तिचे पहिले कुलगुरू. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आपली मुले चार देशांच्या मुलांसोबत वाढतात, तीन भाषा बोलतात, म्हणून ती आपोआप जगाची नागरिक होतात असे आपल्याला वाटते. रवींद्रनाथांना ते पुरेसे वाटले नसते. विश्वभारतीत पॅरिसचा पंडित आला तरी सुरुलच्या डबक्यातले डास कमी झाले का, हा हिशेब त्यांनी सोडला नाही. आपले पोट कोणाच्या कष्टांवर आणि कोणत्या मातीवर भरते हे ओळखायचे, आणि जगात जिथे जे चांगले मिळेल ते तिच्यासाठी घेऊन यायचे. ती माती सोलापूरची असेल, नाहीतर आपल्या घरामागच्या ओढ्याकाठची. मुलांशी गप्पा मारताना हा विषय जरूर काढा.

आणि पुढच्या भारतभेटीत जमले तर बोलपूरला जाऊन या. पु. ल. देशपांडे तर पन्नाशीनंतर तिथे बंगाली शिकायला राहिले होते, त्यांचे 'वंगचित्रे' आधी वाचलेत तर उत्तमच. बहुतेक पर्यटक शांतिनिकेतन पाहून परत फिरतात. तुम्ही मात्र तीन किलोमीटर पुढे जा आणि मुलांना श्रीनिकेतनही दाखवा.