दुसऱ्यांसाठी छप्पर

स्मरणिकेसाठी बँकेतल्या आठवणी लिहून द्या, असं आपल्या चिटणीसांनी सांगितलं होतं. पण गेल्या डिसेंबरात नातवाने मोबाईलवर राजदत्तांचा १९७७ सालचा ‘देवकीनंदन गोपाळा’ लावून दिला. डॉ. श्रीराम लागूंनी त्यात गाडगेबाबा उभे केले आहेत. चित्रपट संपला तरी मी तसाच बसून राहिलो. म्हणून हे लिहितोय.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई पोराला घेऊन दापुरे गावी माहेरी आली. तिथे डेबूजी गुरं राखू लागला, मग नांगर धरला. सावकाराच्या कागदापायी मामांची शेती गेली, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे बाबा पुढे कीर्तनात जन्मभर सांगत राहिले, त्याचं मूळ तिथे असावं.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा आणि जेवायला मडक्याचं खापर. गावात शिरलं की आधी झाडलोट, मग भाकरी, रात्री कीर्तन. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री माणसांची डोकी. १९२३ साली कोकणात कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही.

पंढरीला वारकरी उघड्या वाळवंटात कुडकुडत झोपतात आणि अस्पृश्यांना तर कुठल्याच धर्मशाळेत थारा नाही, हे पाहून त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली, कारण गावाकडून आलेली ही माणसं फुटपाथवर झोपत.

माझं आयुष्य आकड्यांत गेलं, म्हणून एक गोष्ट फार मोलाची वाटते. लोकांनी दिलेल्या पैशांतून लाखोंच्या इमारती झाल्या, पण बाबांनी स्वतःच्या कुटुंबाचा त्यांवर काडीचा हक्क ठेवला नाही. पत्नी कुंताबाई झोपडीत राहिल्या. स्वतः बाबा झाडाखाली निजत. २० डिसेंबर १९५६ रोजी, ऐन थंडीत, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या काठी प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

आता आपल्याबद्दल. तोरण्यावरून उतरणारा पौषातला वारा वेल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मी खजिनदार असताना शेजारच्या बांधकामावरचे मजूर, बायकापोरांसह, रात्री आपल्या पार्किंगमध्ये निजू का म्हणून विचारायला आले होते. मी वीजबिल, पाणी, चोरीची जबाबदारी असे मुद्दे मांडले. समितीने ते मान्य केले. ठराव नियमाला धरून होता, त्यात आजही चूक काढता येणार नाही. पहाटे फिरायला निघालो तेव्हा ती पोरं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत शिरून झोपलेली दिसली. मी स्वेटरची बटणं लावली आणि पुढे गेलो. त्या वर्षीच्या ताळेबंदात ही नोंद कुठेच नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपणही छप्पर हवं म्हणूनच एकत्र आलो होतो. पंपाशेजारची खोली आज मोडक्या सायकलींनी भरलीय. ती रिकामी करून हिवाळ्याचे तीन महिने रात्रीपुरती उघडी ठेवावी. शेवटची एसटी चुकलेला, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेला, कामावरचा मजूर, कोणीही तिथे पाठ टेकेल. चार सतरंज्या आणि सहा घोंगड्या माझ्याकडून. झाडून घ्यायचं कामही माझ्याकडे राहू द्या.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.