कर्णबधिरांचे शिक्षक ग्रॅहॅम बेल

दूरध्वनीचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांना कोणी त्यांचा व्यवसाय विचारला, तर ते स्वतःस कर्णबधिरांचा शिक्षक म्हणवीत. यात विनयाचा भाग थोडा आणि सत्याचा फार होता. ज्या मुलाच्या तोंडून शब्दच फुटत नाही, किंवा फुटला तरी परक्याला उमगत नाही, त्याला बोलते कसे करावे, या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची पन्नासांहून अधिक वर्षे व्यापली होती. दूरध्वनी हे त्या वाटेवर हाती आलेले फळ होय.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो नगरीत झाला. उच्चारशास्त्र हा त्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. आजोबा शुद्ध उच्चार व वक्तृत्व शिकवीत. वडील मेलव्हिल बेल यांनीही तोच मार्ग पत्करला. अशा या घरातील गृहिणी मात्र जवळजवळ बहिरी होती. आई एलायझा चित्रे काढी, पियानो वाजवी. पण दुसऱ्याचे बोलणे ऐकण्यासाठी तिला कानाशी नळी धरावी लागे. इतर मंडळी त्या नळीत मोठ्याने बोलत. लहानग्या अलेक्झांडरने निराळीच युक्ती काढली. आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो हलक्या, खर्जातल्या स्वरात बोले आणि त्याचे बोलणे तिला कळे. घरात चारचौघांच्या गप्पा रंगल्या की तो तिच्याजवळ बसून बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर करी व ते संभाषण तिच्यापर्यंत पोहोचवी.

पुढे वडिलांच्या प्रोत्साहनाने त्याने आणि थोरल्या भावाने एक बोलके यंत्र बनविले. त्याला कृत्रिम कंठ, जीभ आणि ओठ होते. नळीतून हवा फुंकली म्हणजे ते तान्ह्या मुलासारखे आईला हाक मारी. ती हाक ऐकून शेजाऱ्यांना कोणाचे तरी मूल रडते आहे असे वाटले, अशी हकीकत आहे. खेळच तो, पण ध्वनी तोंडात कसा घडतो याचे ज्ञान या मुलांना खेळता खेळता झाले.

मेलव्हिल बेल यांनी याच सुमारास एक अपूर्व लिपी तयार केली आणि १८६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. उच्चाराच्या वेळी जीभ कोठे असते, ओठ मिटतात की उघडे राहतात, कंठातून नाद निघतो की नुसता श्वास, हे त्या लिपीतील चिन्हांवरूनच कळे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य अशी वर्णांची विभागणी आपल्या व्याकरणकारांनी फार प्राचीन काळी केली होती, त्यामुळे या कल्पनेचे मर्म आपल्याकडील विद्यार्थ्याला चटकन कळेल. वडिलांची ही लिपी कर्णबधिर मुलांच्या कामी आणावी असे तरुण बेल यांच्या मनाने घेतले. १८६८ मध्ये लंडनमधील एका लहानशा शाळेत त्यांनी अशा मुलांना शिकविण्यास प्रारंभ केला.

बहिरे मूल बोलत नाही, याचे कारण त्याच्या गळ्यात अथवा जिभेत दोष असतो असे नव्हे. ऐकूनच मूल बोलायला शिकते. कानांवर शब्द पडला नाही तर त्याचे अनुकरण ते कशाचे करणार? ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखता येते खरे, पण तेही सोपे नाही. पान, भान आणि मान हे तीन शब्द आरशासमोर उभे राहून आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. म्हणून अशा मुलाचा हात शिक्षकाच्या गळ्यावर ठेवून त्याला कंपने जाणवून द्यावी लागतात, मग तोच हात त्याच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवावा लागतो. एकेका वर्णासाठी कित्येक दिवस खर्ची पडतात.

दरम्यान बेल कुटुंबावर घोर आपत्ती कोसळली. १८६७ मध्ये धाकटा आणि १८७० मध्ये थोरला असे अलेक्झांडरचे दोन्ही भाऊ क्षयाने गेले. उरलेल्या एकुलत्या मुलाला जपण्यासाठी आईवडिलांनी कॅनडाचा रस्ता धरला. अमेरिकेतील बॉस्टन येथील कर्णबधिरांच्या शाळेने वडिलांना बोलावणे धाडले, तेव्हा त्यांनी आपल्याऐवजी मुलाचे नाव सुचविले. १८७१ मध्ये बेल त्या शाळेत दाखल झाले आणि दोन वर्षांत बॉस्टन विद्यापीठात अध्यापक झाले.

तेथे त्यांना जॉर्ज सँडर्स हा पाच वर्षांचा, जन्मतः बहिरा असलेला शिष्य मिळाला. सेलम गावी जॉर्जच्या आजीच्या घरीच बेल राहू लागले. त्यांनी त्याच्यासाठी एक हातमोजा तयार केला. त्यावर ठिकठिकाणी अक्षरे लिहिली होती. योग्य त्या अक्षरांना क्रमाने स्पर्श केला की शब्द होई, आणि मोजा घातलेल्या मुलाशी कोणालाही बोलता येई. ध्वनी मागाहून येईल, आधी मुलाला भाषा मिळाली पाहिजे, हे त्या वेळी बेल यांनी नेमके ओळखले होते.

दुसरी शिष्या मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना लोहितज्वराने तिचे कान गेले. अवगत असलेली बोलीही हळूहळू अस्पष्ट होऊ लागली. त्या काळच्या जुन्या शाळेत दहा वर्षांखालील मुलांना सहसा प्रवेश नसे; तोवर वाट पाहावी, तर उरलेसुरले शब्दही जाणार! आईवडिलांनी वाट पाहिली नाही. घरी शिक्षिका ठेवली, तिच्याशी सतत बोलत राहिले, आणि वडिलांनी तर अशा मुलांसाठी १८६७ मध्ये नवी शाळा काढण्यात पुढाकार घेतला. वेळीच हालचाल केल्याने मेबलची वाणी टिकली. १८७३ मध्ये उच्चार सुधारण्यासाठी ती बेल यांच्याकडे येऊ लागली. १८७७ मध्ये दोघांचा विवाह झाला.

शिष्यांना स्वतःच्या उच्चाराचे रूप डोळ्यांनी दिसावे म्हणून १८७४ मध्ये बेल यांनी मृत माणसाच्या खऱ्या कानाला गवताची काडी जोडली आणि काजळी धरलेल्या काचेवर ध्वनीच्या रेघा उमटविल्या. एवढासा पातळ पडदा आतली हाडे हालवितो हे पाहून त्यांना दूरध्वनीची दिशा सापडली. ७ मार्च १८७६ रोजी त्याचे एकस्व त्यांना मिळाले. त्यातून आलेल्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी कर्णबधिरांच्या कार्याला दिला. श्रवणशक्ती मोजण्याचे यंत्रही त्यांनी केले. ध्वनीच्या मापनातील डेसिबल या एककात त्यांचेच नाव आहे.

१८८६ मध्ये अलाबामातील एक पिता आपल्या सहा वर्षांच्या आंधळ्या व बहिऱ्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आला. बेल यांनी तिला मांडीवर घेतले आणि आपले घड्याळ वाजवून तिच्या हाती दिले. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. त्यांनी दाखविलेल्या वाटेने त्या पित्याने बॉस्टनच्या अंधशाळेला पत्र लिहिले आणि ३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन ही शिक्षिका हेलनच्या घरी आली. हेलन पुढे बोलायलाही शिकली, तरी तिचे बोलणे परक्यांना जन्मभर कठीणच वाटे. आपले आत्मचरित्र तिने बेल यांना अर्पण केले.

एवढ्या मोठ्या माणसाच्या हातून मोठी चूकही घडली. सर्व बहिऱ्या मुलांनी तोंडानेच बोलावे, हातांच्या खुणांची भाषा शाळेत नको, असा त्यांचा आग्रह वाढत गेला. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी विवाह केल्यास बहिऱ्यांची निराळी जात निर्माण होईल, अशी भीतीही त्यांनी १८८३ मध्ये व्यक्त केली. वस्तुतः बहुसंख्य बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटीच जन्मतात. कर्णबधिरांच्या महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड गॅलॉडेट यांनी त्यांना कसून विरोध केला. गॅलॉडेट यांची आईही बहिरी होती, पण ती खुणांनीच बोले. बेल यांच्या आईने आणि पत्नीने कान जाण्यापूर्वी भाषा ऐकली होती, हा भेद त्यांनी पुरेसा ध्यानात घेतला नाही असे वाटते. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेने खुणांच्या भाषेविरुद्ध ठराव केला आणि अनेक देशांतील शाळांतून ती हद्दपार झाली. ज्यांना बोलणे साधले नाही, अशा कित्येक मुलांना मग कोणतीच भाषा धड मिळाली नाही. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथील परिषदेने त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आज खुणांच्या भाषेला स्वतंत्र, परिपूर्ण भाषा म्हणून मान्यता आहे.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे बेल यांचे निधन झाले. त्यांच्या दफनाच्या वेळी अमेरिका व कॅनडातील दूरध्वनी एक मिनिट बंद ठेवण्यात आले. मेबल त्यांच्यामागे पाच महिनेच जगल्या.