'पंच'च्या पानांतून आलेले अस्वल

ॲलन अलेक्झांडर मिल्न यांचे नाव आज घेतले जाते ते विनी द पूह या कापडी अस्वलापायी. हे अस्वल १९२५ च्या नाताळात प्रथम वृत्तपत्रात अवतरले, तेव्हा मिल्न त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांची लेखणी घडली होती ती त्यापूर्वीच, आणि तीही मुलांच्या खोलीत नव्हे, तर 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकाच्या कचेरीत.

१८ जानेवारी १८८२ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या मिल्न यांचे वडील खासगी शाळा चालवीत. एच. जी. वेल्स यांनीही तेथे काही काळ अध्यापन केले होते. केंब्रिजमध्ये मिल्न शिकले गणित. रमले मात्र 'ग्रँटा' या विद्यार्थी-नियतकालिकाच्या संपादनात. १९०६ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते 'पंच'चे सहायक संपादक झाले. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या या साप्ताहिकाचा दबदबा एवढा की, मुंबईतील व्यंगचित्र-पत्रानेही 'हिंदी पंच' असे नाव धारण केले होते. दर आठवड्यास मोजक्या जागेत, क्रिकेट वा सुट्टीतील सहल अशा किरकोळ विषयावर, मजकूर खुसखुशीत उतरलाच पाहिजे! पुढे पूहच्या संवादांत जो नेमकेपणा दिसतो, तो या साप्ताहिक सक्तीचेच फळ होय.

संपादक ओवेन सीमन हे कट्टर हुजूरपक्षीय, तर मिल्न उदारमतवादी. दोघांचे सूर जुळणे कठीणच होते. महायुद्धात मिल्न सैन्यात गेले, सोमच्या रणभूमीवरून तापाने आजारी होऊन परतले. दरम्यान त्यांची नाटके रंगभूमीवर येऊ लागली होती. युद्धानंतर जुनी जागा त्यांच्यासाठी राखलेली नाही, हे त्यांना कळून चुकले, आणि १९१९ मध्ये 'पंच'शी असलेला नोकरीचा संबंध संपला.

लेखनाचा संबंध मात्र संपला नाही. लहानग्या ख्रिस्तोफर रॉबिनची प्रार्थना पाहून लिहिलेली एक कविता मिल्न यांनी पत्नीला देऊन टाकली; ती छापून आली तर मानधन तिचे! न्यूयॉर्कच्या 'व्हॅनिटी फेअर' या झगमगत्या मासिकाने ती १९२३ मध्ये छापली.  पाठोपाठ रोझ फाइलमन यांनी आपल्या बालमासिकासाठी कविता मागितली आणि वेल्समधील पावसाळी सुट्टीत मिल्न यांच्या बालकवितांची वही भरत गेली. १९२४ च्या आरंभापासून त्या 'पंच'मध्ये येऊ लागल्या. चित्रांसाठी 'पंच'मधीलच ई. एच. शेपर्ड यांचे नाव सुचविले ते मिल्न यांचे तेथील सहकारी ई. व्ही. ल्यूकस यांनी, आणि ल्यूकस हे मेथ्यून या प्रकाशनसंस्थेचेही धुरीण! कवी, चित्रकार आणि प्रकाशक असे तिघे एकाच कचेरीच्या ओळखीतून एकत्र आले. शेपर्ड यांच्याविषयी मिल्न यांचे मत आधी फारसे अनुकूल नव्हते. पुढे त्यांनीच आपल्या मानधनातील वाटा त्यांना देऊ केला.

१९२४ ते १९२८ या काळात चार पुस्तके निघाली. दोन कवितांची, दोन पूहच्या कथांची. या चार छोट्या पुस्तकांनी बाकी सारे झाकोळले. एका यशाच्या चौकटीत लेखकाला कोंबण्याचा व्यापारी आग्रह मिल्न यांनी आधीच अनुभवला होता. 'पंच'च्या विनोदकाराकडून विनोदच हवा असताना त्यांनी १९२२ मध्ये रहस्यकथा लिहिली. ती गाजल्यावर रहस्यकथेची मागणी आली, तेव्हा ते बालकवितांकडे वळले. बालसाहित्याच्या चौकटीतून मात्र त्यांची सुटका झाली नाही. नाटककार म्हणून एके काळी लंडन गाजविणारा हा लेखक, १९३४ मध्ये युद्धविरोधी ग्रंथ लिहिणारा विचारवंत, वाचकांच्या लेखी मुलांचा लेखकच राहिला. त्याची खंत त्यांनी १९३९ च्या आत्मचरित्रात लपविली नाही. मुलगा ख्रिस्तोफर यालाही त्या प्रसिद्धीचे ओझे दीर्घकाळ वाहावे लागले.

३१ जानेवारी १९५६ रोजी मिल्न यांचे निधन झाले. पूहच्या हक्कांच्या उत्पन्नात कुटुंबाबरोबरच त्यांची शाळा, त्यांचा क्लब आणि गरजू लेखकांना साहाय्य करणारा निधी वाटेकरी झाले. शेपर्ड यांना 'पंच'ने १९५३ मध्येच निरोप दिला होता. खुद्द 'पंच' १९९२ मध्ये बंद पडले, १९९६ मध्ये पुन्हा निघाले आणि २००२ मध्ये कायमचे थांबले.