नळदुर्गचा पाणीमहाल आणि जगद्गुरु इब्राहिम आदिलशहा

श्रीतुळजाभवानीच्या दर्शनास जाणारी पुष्कळ कुटुंबे परतीच्या वाटेवर नळदुर्गचा किल्लाही पाहून येतात. धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद मार्गावर हा किल्ला उभा आहे. पावसाळा चांगला झाला असेल, तर तेथील बंधाऱ्यावरून नर आणि मादी या नावांचे दोन धबधबे कोसळत असतात. आणि त्या कोसळत्या पाण्याच्या मागे, बंधाऱ्याच्याच पोटात असलेल्या महालात उभे राहून मनुष्य कोरड्या अंगाने ते दृश्य पाहू शकतो. हाच तो पाणीमहाल होय. तेथे उभे राहिल्यावर लहान मुलेदेखील एकच प्रश्न विचारतात, की हे कोणी बांधले? वडीलधारी माणसे उत्तर देतात, बादशहाने. हे उत्तर खोटे नाही. पण ते पुरेही नाही. ज्या बादशहाच्या कारकिर्दीत हे काम झाले, त्याचे चरित्र ज्ञातिबांधवांस सांगावे, आणि त्या चरित्राच्या निमित्ताने आपल्या पाथरवटी धंद्याविषयी दोन शब्द बोलावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

विजापूरच्या आदिलशाहीत इब्राहिम नावाचे दोन सुलतान होऊन गेले. आपल्या चरित्राचा नायक त्यांपैकी दुसरा होय. त्याचा पिता शहाजादा तहमास्प हा सुलतान पहिला अली आदिलशहा याचा भाऊ. अलीस पुत्र नव्हता. 1580 साली अलीचा राजवाड्यातच खून झाला आणि अवघ्या नऊ वर्षांच्या इब्राहिमास तख्तावर बसविण्यात आले. ज्या वयात मुलाने विटीदांडू खेळावा, त्या वयात त्याच्या मस्तकी एका विस्तीर्ण राज्याचा मुकुट आला. परंतु सत्ता मात्र हाती आली नाही. प्रथम कामिलखान, नंतर किश्वरखान, मग इख्लासखान आणि शेवटी दिलावरखान, असे एकामागून एक कारभारी त्याच्या नावाने राज्य करीत राहिले. प्रत्येकाने आधीच्यास पाडून जागा घेतली आणि प्रत्येकास पुढच्याने पाडले.

या अंधारात त्या मुलास एकच आधार होता, तो त्याची चुलती चाँदबिबी हिचा. अहमदनगरच्या निजामशाहीची ही कन्या अलीची विधवा होती. तिने इब्राहिमाच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले आणि संकटकाळी राज्यही सांभाळले. किश्वरखानास ती डोईजड वाटू लागली, तेव्हा त्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. पुढे तिची सुटका झाली. काही वर्षांनी ती माहेरी अहमदनगरास गेली आणि 1595-96 मध्ये मोगलांच्या वेढ्यातून तिने त्या शहराचा जो बचाव केला, तो महाराष्ट्रास ठाऊकच आहे. अशा स्त्रीच्या हाताखाली इब्राहिमाचे बालपण गेले, ही गोष्ट त्याच्या पुढील आयुष्याचा विचार करताना विसरता येत नाही.

याच काळात नळदुर्गचे नाव त्याच्या चरित्रात प्रथम ठळकपणे येते. तख्तावर मूल आहे आणि दरबारात फाटाफूट आहे, असे पाहून अहमदनगर व गोवळकोंडा येथील फौजांनी मिळून नळदुर्गास वेढा घातला. विजापूरच्या राज्याच्या ईशान्येकडील हा मोठाच पहारेकरी होता. तो पडता, तर पुढची वाट मोकळी झाली असती. पण किल्ला पडला नाही. मुलाच्या नावाने चालणारे राज्य तगले, त्यास हा काळा तटही एक कारण झाला.

हा तट कसा होता, हे येथेच सांगणे योग्य होईल. नळदुर्ग फार उंच डोंगरावर नाही. बोरी नदीच्या काठी काळ्या खडकाचे एक पठार उंचावले आहे, त्याच्या माथ्यावर तो पसरला आहे. नळराजा व दमयंती यांची कथा लोक या नावाशी जोडतात, आणि चालुक्यांच्या काळापासून येथे गढी होती असे सांगितले जाते. आज दिसणारा भक्कम दगडी तट मात्र पहिल्या अलीच्या कारकिर्दीतला, म्हणजे 1558 ते 1580 या काळातला आहे. त्या काळी किल्ल्यास शाहदुर्ग असेही नाव होते. तटाचा घेर अडीच-तीन किलोमीटरांचा असून त्यात शंभरावर बुरूज आहेत. हुलमुख दरवाज्यातून आत शिरताना वाट मुद्दाम वळवलेली दिसते. शत्रूच्या हत्तीस धाव घेऊन दारावर आदळता येऊ नये, हा त्यातील हेतू होय. आतील उपळी बुरूज सर्वांत उंच आहे. त्याच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर किल्ला, नदी आणि भोवतालचा मुलूख एका दृष्टीत येतो, आणि तेथे आजही जुन्या तोफा पडलेल्या आहेत. नवबुरूज तर पाथरवटाने थांबून पाहावा असा आहे. एकाच बुरजाचे अंग नऊ पाकळ्यांसारखे बाहेर फुगविले आहे, आणि प्रत्येक वळणावर दगडाचा सांधा जुळविलेला आहे. सरळ भिंतीचा दगड गुण्याने घडतो. अशा गोलाईचा दगड घडविणाऱ्यास मात्र गुण्याबरोबर नजरही लागते.

1590 च्या सुमारास इब्राहिमाने दिलावरखानाचा पाश तोडला आणि राज्य आपल्या हाती घेतले. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. पुढे काही वर्षांनी त्याचा सख्खा भाऊ इस्माईल याने बेळगावास बंड केले, तेही त्यास मोडावे लागले. उत्तरेकडून अकबराची फौज दक्षिणेत उतरत होती. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेले आणि त्याच धामधुमीत चाँदबिबी मारली गेली. इब्राहिमाने मोगलांशी कधी लढून, कधी वाटाघाटी करून आपले राज्य राखले. 1604 मध्ये त्याने आपली कन्या अकबराचा पुत्र दानियाल यास दिली. 1619 मध्ये बीदरचे राज्य जिंकून त्याने आपल्या राज्यास जोडले.

पण लढाया हे त्याच्या चरित्राचे सार नव्हे. लोकांनी त्यास जगद्गुरु म्हटले, ते तलवारीमुळे नव्हे. त्यास संगीताचे विलक्षण वेड होते. त्याने स्वतः दख्खनी भाषेत गीते रचली आणि ती नवरस या नावाच्या ग्रंथात गोविली. मुसलमान सुलतानाच्या या ग्रंथात सरस्वतीची व गणपतीची स्तुती आहे, आणि त्याचबरोबर गुलबर्ग्याचे संत गेसुदराज यांच्याविषयीची भक्तीही आहे. आपल्या तंबोऱ्यास त्याने मोतीखान असे नाव ठेवले होते, आणि आतशखान हा त्याचा आवडता हत्ती होता. त्याच्या चित्रकारांनी रंगविलेली चित्रे आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. फिरिश्ता याने आपला सुप्रसिद्ध इतिहास याच दरबारात राहून लिहिला. निरनिराळ्या धर्मांचे, देशांचे व भाषांचे गुणी लोक त्याच्या आश्रयास एकत्र नांदले. विजापूरच्या कारभारात मराठी कारकुनांचा वावर होताच. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस काही काळ शहाजीराजेही या दरबारी होते.

1599 मध्ये त्याने विजापुराजवळ नवरसपूर नावाचे नवे नगर वसविण्यास आरंभ केला. संगीताच्या नावाने वसणारे हे नगर त्याचे आयुष्यातील मोठे स्वप्न होते. राजवाडे उठले, तटाचे काम चालू झाले. त्याच सुमारास, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नळदुर्गास वेगळेच काम हाती घेण्यात आले. ते 1613 मध्ये पुरे झाले. तेथील फारसी शिलालेखात सुलतान इब्राहिमाचे आणि बांधकाम करणाऱ्या मीर इमादीनाचे नाव कोरलेले आहे.

हे काम म्हणजे नळदुर्गचा किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा छोटा किल्ला यांच्यामध्ये बोरी नदीवर घातलेला दगडी बंधारा होय. त्याने तीन कामे साधली. किल्ल्याच्या पायथ्याशी खोल पाणी तुंबले आणि त्या अंगाने शत्रूस वाट उरली नाही. दुष्काळी मुलखात शिबंदीस पाण्याची बेगमी झाली. आणि बंधाऱ्याच्या माथ्यावरून एका किल्ल्यातून दुसऱ्यात जाण्यास मार्ग झाला. एवढ्यावर थांबता, तर तो एक उपयुक्त बंधारा म्हणून राहिला असता. पण कारागिरांनी त्याच्या पोटातच महाल काढला. माथ्यावरून पायऱ्या उतरून या महालात जाता येते. त्याच्या पाठीशी अडविलेल्या जलाशयाचा सारा भार आहे आणि पुढच्या गवाक्षांपुढून धबधब्याचे पाणी पडते. जादा पाण्यास वाट मिळावी म्हणून नर आणि मादी हे दोन सांडवे योजले आहेत, त्यामुळे पुराचा लोंढा बंधाऱ्याच्या सबंध माथ्यावरून न जाता नेमून दिलेल्या जागी उतरतो.

आपल्या धंद्यातील माणसास यातील अवघडपणा सांगावयास नको. बंधारा पाण्यास अडवतो तो मुख्यतः आपल्या वजनाने. त्याच्या पोटात पोकळी ठेवणे म्हणजे त्याचे वजन आपणहून कमी करणे होय. म्हणून ती पोकळी कोठे असावी, किती असावी, तिच्यावरची कमान भार दोन्ही बाजूंस कसा उतरवील, हे आधी मनात पक्के व्हावे लागते. मग प्रत्येक दगड असा घडावा लागतो की चुन्याच्या सांध्यातून पाण्यास वाट मिळू नये. एक सांधा सैल राहिला तर पहिल्या पावसात महाल गळेल. दहा राहिले तर बंधारा जाईल. चारशेंहून अधिक पावसाळे त्या सांध्यांनी सोसले आहेत.

आता नवरसपुराचे काय झाले ते पाहावे. 1624 मध्ये अहमदनगराजवळ भातवडी येथे मलिक अंबराने मोगल व विजापूर यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला आणि तो थेट विजापुरावर चालून आला. इब्राहिम तटाच्या आत राहिला. बाहेरचे नवरसपूर मात्र अंबराच्या सैन्याने लुटून उद्ध्वस्त केले. ज्या नगरावर त्याने पाव शतक जीव लावला होता, त्याचा नाश त्यास उतारवयात पाहावा लागला. ते पुन्हा उभे राहिले नाही. 1627 च्या सप्टेंबरात त्याचे देहावसान झाले. विजापुरास इब्राहिम रोजा या सुंदर वास्तूत त्याची कबर आहे. तेथील खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत अक्षरे कोरून काढलेली आहेत, आणि कबरीवरचे सपाट शिळांचे छत पाहून आजचे जाणकारही थक्क होतात. त्या वास्तूच्या संबंधात मलिक संदल याचे नाव आढळते. ज्यांनी त्या जाळ्या कोरल्या, त्यांचे आढळत नाही.

अशा रीतीने या सुलतानाचे आयुष्य पाहिले म्हणजे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्याची सत्ता गेली. त्याचे घराणे 1686 मध्ये औरंगजेबाने संपविले. त्याच्या स्वप्नातील नगर ओसाड झाले. पण राज्याच्या कडेला, नदीच्या पात्रात, पोटापाण्याच्या उपयोगासाठी बांधलेला बंधारा राहिला. नगर ऐश्वर्यासाठी बांधले होते, बंधारा गरजेसाठी बांधला होता. आणि गरजेच्या कामातच कारागिरांनी सौंदर्य घातले, म्हणून दोन्ही टिकली. इब्राहिमाचा मोठेपणा यात कमी होत नाही. गुणी माणसास ओळखून त्याच्या हाती काम सोपविणे हाही राजाचा गुणच आहे, आणि तो त्याच्या अंगी भरपूर होता.

तरीही शिलालेखात जी नावे नाहीत, त्यांची खंत वाटते. नळदुर्गचा दगड घडविणारे हात कोणत्या जातीचे होते, कोणत्या गावचे होते, हे कोणत्याही लेखात नाही. म्हणून ते आमचेच पूर्वज होते, असा दावा आपण करू नये. पण छिन्नी आणि हातोडा यांचा धंदा आपला आहे, आणि त्या नात्याने ते आपल्या घरचे आहेत, एवढे म्हणण्याचा अधिकार आपणास आहे. टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडास देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. घाव घालणाऱ्या हातांची नोंद मात्र आपणही कधी ठेवली नाही.

ही चूक बादशहांची म्हणून सोडून देता येईल, पण ती आपल्या घरातही चालू आहे. ज्या वडिलांनी, आजोबांनी देवळांची शिखरे, घाटांच्या पायऱ्या, पुलांच्या कमानी घडविल्या, त्यांची कामे कोणती हे आज त्यांच्या नातवंडांस सांगता येत नाही. मुले शिकून अन्य व्यवसायांत जात आहेत, याचा आनंदच आहे. छिन्नीची धूळ छातीत साठून किती माणसे अकाली गेली हे आपण जाणतो, आणि मुलाने तोच धंदा करावा असा हट्ट कोणी धरू नये. परंतु धंदा सोडताना त्याची आठवण सोडू नये. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वृद्धांजवळ बसून त्यांनी केलेल्या कामांची, गावांची, हत्यारांची व घडणीच्या युक्त्यांची टिपणे करून ठेवावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेस याहून मोलाचा मजकूर दुसरा मिळणार नाही.

आणि ज्यांस शक्य असेल त्यांनी पावसाळ्यात मुलाबाळांसह नळदुर्गास जावे. पाणीमहालात उभे राहावे आणि भिंतीवर हात ठेवावा. मुलांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला म्हणजे सुलतान इब्राहिमाचे नाव आदराने सांगावे, मीर इमादीनाचे सांगावे. आणि मग ज्या सांध्यातून इतक्या वर्षांत पाणी आले नाही, तो सांधा त्यांस बोटाने दाखवावा.